आधी बोटानं, मग पान्यानं

रविवारी सकाळी आठच्या सुमारास आमच्या चाळीच्या चौकात एक गोणपाट अंथरलं जायचं. त्यावर बाबा हत्यारं मांडायचे. आठ-नऊ, दहा-अकरा, बारा-तेरा असे पाने चढत्या क्रमानं, मग प्लगपाना आणि त्याची टॉमी, पक्कड, दोन डिसमिस, कानस आणि पोलादी पात्यांचा तो छोटा जुडगा, फीलर गेज. शेजारी ॲल्युमिनियमच्या वाडग्यात रॉकेल आणि मूठभर कॉटन वेस्ट. हे सगळं जागच्या जागी लागल्याशिवाय लँब्रेटाला हात लावायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. साल १९७७, चाळ करी रोड स्टेशनापासून पाच मिनिटांवरची, आणि मी तेरा वर्षांची.

बाबा जवळच्याच एका कापड गिरणीत मेकॅनिक खात्यात फिटर होते. मूळ गाव संगमेश्वरकडचं. चाळीत दुचाकी तीनच. आमची लँब्रेटा दादरच्या एका गृहस्थांकडून जुनी घेतलेली, तळमजल्यावर एक राजदूत, आणि समोरच्या चाळीतल्या बँकेतल्या काकांची बजाज. तिन्ही गाड्या रविवारी चौकात यायच्या आणि त्यांचे मालक आपापल्या गाडीशेजारी उकिडवे बसायचे. गाडी मेकॅनिककडे टाकायची म्हणजे काहीतरी मोठं झालंय, इंजिन उतरवायचं आहे, असाच अर्थ होता. बाकी सगळं घरी.

घरच्या घरी गाडीची देखभाल म्हटली की आज लोकांना वाटतं, चार पैसे वाचवायचा मार्ग. पैसे वाचायचेच. पण आमच्या भागात या रविवारच्या कामाला एक वंशावळ आहे, आणि ती दुचाकीच्या आधीपासून सुरू होते.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला कापड गिरणीचा घाट घातला आणि पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, करी रोड हा सगळा पट्टा चिमण्यांनी भरला. यंत्रं यायची लँकेशायरहून, बोटीनं. एखादा दात तुटला, एखादा दांडा वाकला, तर नवा भाग यायला महिने लागणार. तोवर साचा बंद ठेवणं कुणालाच परवडणारं नव्हतं. म्हणून गिरण्यांना आपलं स्वतःचं दुरुस्ती खातं लागलं. तिथे लेथ, भाता, फिटर, टर्नर. विलायतेत घडलेला भाग इथल्या फिटरनं कानशीनं घासून, मापात आणून बसवायचा. माणसं शिकवायला १८८७ मध्ये भायखळ्याला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट उभी राहिली. तीच १९२३ मध्ये माटुंग्याला गेली आणि आज वीरमाता जिजाबाईंचं नाव लावते. पण बहुतेकांचं शिक्षण खात्यातच झालं, मुकादमाच्या नाहीतर एखाद्या जुन्या फिटरच्या हाताखाली. शिवाय परळ आणि लोअर परळला रेल्वेचे वर्कशॉप. म्हणजे आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरात हजारो माणसं अशी होती, ज्यांच्या हाताला अर्ध्या मिलिमीटरचा फरक कळायचा.

साचा म्हणजे माग. साळखात्यात शेकडो साचे एका वेळी धडधडत, प्रत्येकाचा धोटा मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा इकडून तिकडे. त्या आवाजात माणसाचं बोलणं ऐकू येत नसे, ओठ वाचावे लागत. पण साच्याचा आवाज बदलला की फिटरला तो कळायचा. बाबा डिसमिसचं टोक यंत्राच्या अंगाला टेकवत आणि मूठ कानामागच्या हाडाला. बेअरिंग गेलंय की नुसतं तेल कमी आहे, ते असं ऐकून सांगत. लँब्रेटाच्या इंजिनालाही त्यांनी हीच डिसमिस लावली. ‘बाय, ऐक,’ म्हणून मूठ माझ्या कानाला लावली, तेव्हा आत एक अख्खी गिरणी चाललीय असं मला वाटलं.

दुचाकी या वस्तीत आल्या त्या अशा हातांकडे.

स्कूटरचा जन्म दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इटलीतला. व्हेस्पाचं पेटंट एप्रिल १९४६ मधलं. ती आखणारे कोरादिनो दास्कानियो मूळचे विमानांचे आणि हेलिकॉप्टरचे अभियंते, आणि मोटारसायकल त्यांना मुळीच आवडत नसे. चाक बदलताना कपडे आणि हात बरबटतात, ही त्यांची एक तक्रार. म्हणून त्यांनी पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूनं धरलं. चार नट काढले की चाक हातात. पुढचं मागे, मागचं पुढे, आणि तिसरं स्टेपनी म्हणून सोबत. मिलानच्या इनोसेंटी कारखान्याची लँब्रेटा त्याच्या पुढच्या वर्षी आली. बिनशिकल्या माणसालाही रस्त्यात चाक बदलता यावं, हा विचार या गाड्यांच्या आखणीतच होता.

भारतात लँब्रेटा आणली ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीनं. ती मुंबईचीच, भांडुपला तिचा कारखाना. बजाज ऑटोला १९५९ मध्ये परवाना मिळाला आणि साठच्या दशकात आकुर्डीहून व्हेस्पा बाहेर पडू लागली. १९७१ मध्ये पियाज्योबरोबरचा करार संपला आणि पुढच्या वर्षी ‘चेतक’ आली. त्याच १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिकची ‘लूना’. मोटारसायकलींत मद्रासची बुलेट, म्हैसूरची जावा आणि पुढे तिचीच येझदी, आणि एस्कॉर्ट्सची राजदूत. एवढीच काय ती निवड.

आणि त्यातली एक मिळवणं म्हणजे दिव्य होतं. कारखान्यानं वर्षाला किती गाड्या काढायच्या ते सरकारी परवाना ठरवायचा. मागणी त्याच्या कितीतरी पट. बजाजसाठी नाव नोंदवून लोक दहा-दहा वर्षं थांबत. मुलगी शाळेत जायला लागली की तिच्या लग्नासाठी नंबर लावून ठेवणारे बाप होते. हातातली जुनी गाडी नव्याच्या किमतीहून महाग विकली जायची. अशी मिळालेली गाडी वीस वर्षं टिकलीच पाहिजे. नवा सुटा भाग मिळेल याची खात्री नाही. मिळाला नाही तर चोर बाजारात जुना शोधायचा, नागदेवीला जाऊन जवळपासच्या मापाचं बेअरिंग आणायचं, आणि ओळखीच्या टर्नरकडून बुश करून घ्यायचं. लँकेशायरच्या साच्याला गिरणीत जो नियम होता, तोच घरी लँब्रेटाला लागू झाला. भागाची वाट बघत बसायचं नाही, आहे त्याला मापात आणायचं.

आता रविवारचं काम सांगते.

या गाड्या टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्येच ऑईल मिसळायचं, शेकडा दोन ते चार, गाडीप्रमाणे. तेच ऑईल आतल्या भागांना वंगण, आणि तेच जळून प्लगवर काजळी धरायचं. म्हणून पहिलं काम प्लगचं. काढला की आधी त्याचा रंग बघायचा. विटकरी-तपकिरी असेल तर इंजिन ठणठणीत. काळा आणि ओला म्हणजे ऑईल जास्त पडतंय किंवा ठिणगी कमकुवत. पांढरट म्हणजे इंजिन तापतंय, पेट्रोल कमी पोचतंय. बाबा म्हणत, डॉक्टर जीभ बघतो तसा प्लग बघ. मग बारीक पॉलिश पेपरनं टोकं घासायची, फीलर गेजचं ०.६ मिलिमीटरचं पातं मधून सरकवायचं. किंचित अडकत, ओढल्यासारखं गेलं म्हणजे माप बरोबर.

दुसरं, पॉईंट. फ्लायव्हीलच्या खिडकीतून आत बघून दोन इवल्या टोकांमधली फट लावायची, अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. ती चुकली की ठिणगी चुकीच्या वेळी पडते आणि गाडी उचल खात नाही. तिसरं, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या वायरी. आडवी धरून कागदाच्या नळकांड्यातून थेंब थेंब तेल आत सोडायचं, दुसऱ्या टोकाला तेलाचा थेंब दिसेपर्यंत. चौथं, कार्बोरेटरचा जेट. तो तारेनं कोचायचा नाही, त्याचं भोक मोठं होतं. तोंडानं नाहीतर सायकलच्या पंपानं फुंकायचा.

आणि वर्षातून एकदा, बहुधा पावसाळ्याआधी, हेड उघडून काजळी काढायची. पिस्टनच्या माथ्यावर ती डांबरासारखी बसलेली असायची. लोखंडानं खरवडली तर ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात. बाबांनी त्यासाठी मोडीत निघालेल्या एका धोट्याचं लाकूड तासून पाचरीसारखी पट्टी केली होती. ते लाकूड इतकं घट्ट की काजळी सुटायची, पण धातूला चरा पडायचा नाही. ज्या धोट्यानं कधीकाळी हजारो वार कापड विणलं, त्यानं आमचा पिस्टन साफ व्हायचा. ती पट्टी अजून माझ्याकडे आहे. एका टोकाला काळी, दुसऱ्या टोकाला बाबांच्या अंगठ्यानं गुळगुळीत झालेली.

मला बसायला मिळालं ते हत्यारं हातात द्यायला. वर्षभर तेवढंच केलं. मग एका रविवारी बाबा म्हणाले, ‘आज प्लग तू बसव.’ मी प्लग भोकावर धरला, त्यावर पाना चढवला आणि टॉमी फिरवली. दोन आट्यांनंतर जोर लागायला लागला. मला वाटलं, घट्ट बसतोय. आणखी जोर दिला. प्लग तिरका गेला होता. पोलादी प्लगनं हेडचे मऊ आटे कापले.

बाबा रागावले नाहीत. त्यांनी प्लग काढला, भोकात बघितलं, आणि ते कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. त्या आठवड्यात ते बसनं हिंडले. हेड उतरवून एका टर्नरकडे नेलं, त्यानं भोक मोठं करून आत पितळी बुश बसवलं. पुढच्या रविवारी बाबांनी मला पुन्हा प्लग दिला आणि पाना स्वतःच्या मांडीखाली ठेवला. ‘आधी उलटा फिरव,’ म्हणाले. ‘डावीकडे. हळू. टक् करेल.’ मी फिरवला. बोटांना एक बारीक टक् जाणवली, आट्याचं तोंड आट्यात पडल्याची. ‘आता उजवीकडे. बोटानंच. जाईल तिथपर्यंत.’ तो लोण्यात जावा तसा आत गेला. शेवटच्या पाव वेढ्यासाठी त्यांनी पाना दिला. ‘आधी बोटानं, मग पान्यानं. खात्यात पहिल्या दिवशी मला हेच सांगितलं होतं.’

पुढे मी पंचवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. घर्षण, दाब, ठिणगी, प्रसरण हे सगळं मला पुस्तकाआधी त्या गोणपाटावर भेटलं होतं.

या रविवारात आईचाही वाटा होता. रॉकेल रेशनवर मिळायचं, मोजून. ते आधी स्टोव्हचं, मग लँब्रेटाचं. आई महिन्याला एक छोटी बाटली बाजूला काढून द्यायची आणि तेवढ्यात भागवायला लावायची. म्हणून बाबांनी पद्धत बसवली. स्वच्छ भाग आधी धुवायचे, मळके शेवटी, आणि गढूळ रॉकेल निवळून वरचं पुन्हा वापरायचं. खंडेनवमीला हीच हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडली जायची. त्यांना हळदकुंकू, झेंडू, मध्ये प्लगपाना. आणि दसऱ्याला गिरणीत साच्यांची पूजा असायची, तेव्हा घरच्या माणसांना आत सोडत. बाबांनी हार घातलेलं ते लेथ मी दर वर्षी बघितलं. लँब्रेटाच्या हँडलला तोरण बांधताना ते त्याच गंभीर चेहऱ्यानं बांधत.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, गिरण्याच हळूहळू विझल्या. बाबा तेव्हा शेहेचाळीस वर्षांचे. पहिले दोन महिने ते रोज पहाटे पाळीच्या वेळेला उठून बसत. मार्चमध्ये बँकेतले काका त्यांची बजाज घेऊन आले आणि म्हणाले, ‘क्लच प्लेट तुम्हीच टाका, पैसे मी देणार.’ बाबांना मजुरी घ्यायचा संकोच वाटला. आईनं घेतली. त्यानंतर गोणपाट रोज अंथरलं जाऊ लागलं, आधी चौकात, मग पुलाजवळच्या फुटपाथवर. लालबाग-परळमध्ये तेव्हा असे बरेच जण होते. कुणी सायकली घेतल्या, कुणी मिक्सर आणि शिलाई मशिनं, कुणी स्कूटर. गिरणीनं जे हातात घातलं होतं, ते गिरणी परत घेऊ शकली नाही. आमचं घर त्यावर चाललं, माझं बी.एस्सी. त्यावर झालं.

मग गाड्या बदलल्या. १९८४-८५ च्या सुमारास जपानी कंपन्यांशी भागीदारी झाली. सुझुकी, यामाहा आणि कायनेटिक होंडा आल्या, आणि १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी-१००. शंभर सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन, ऑईल वेगळं, प्लग महिनोन्महिने स्वच्छ. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात होती. बाबांनी पहिल्यांदा ती गाडी उघडली तेव्हा आतलं काम बघून मान डोलावली. पण ‘विसरून जा’ हे त्यांना पटलं नाही. ‘यंत्र विसरायचं नसतं,’ एवढंच म्हणाले. पुढे फ्री सर्व्हिसची कुपनं आली, रविवारचा चौक ओस पडू लागला. बजाजनं २००९ मध्ये स्कूटर बनवणंच थांबवायचं जाहीर केलं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागले आणि नव्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी बहुतेक ठिकाणी इंधन इंजेक्शन आलं. चेतक त्याच सुमारास परत आली ती विजेवर, प्लगशिवाय.

तरी एकदा तो चौक पुन्हा भरलेला मी बघितला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला ७३. आमच्याकडे निभावलं, पण चाळीतली पोरं कामाला कुर्ला, कलिना, साकीनाक्याला. त्यांच्या बाइक पाण्यात बुडाल्या. तिसऱ्या दिवशी ढकलत, टेम्पोत घालून त्या आणल्या. गॅरेजांत पाऊल ठेवायला जागा नव्हती. बाबा एकोणसत्तर वर्षांचे, खुर्ची टाकून चौकात बसले. पहिलं वाक्य, ‘कुणी स्टार्टर दाबायचा नाही.’ इंजिनात पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढा. मग किक मारा, भोकातून पाणी उडू दे. ऑईल काढा. ते दुधाळ चहासारखं दिसलं म्हणजे त्यात पाणी आहे. नवं घाला, थोडा वेळ चालवा, पुन्हा बदला. एअर फिल्टर, कार्बोरेटर, सायलेन्सर रिकामे करा. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सात बाइक चालू झाल्या. ज्यांनी कधी पाना धरला नव्हता अशा पोरांनी त्या चालू केल्या, बाबांनी फक्त तोंडानं सांगितलं.

बाबा आता नाहीत. चाळीच्या जागी बावीस मजल्यांची इमारत आहे, आम्ही चौदाव्या मजल्यावर. मी अजून रविवारी खाली उतरते, पार्किंगच्या कडेला गोणपाट टाकते. इमारतीतली चार-पाच मुलं-मुली येतात. नव्या माणसानं काय करावं असं विचारलं, तर मी त्यांना एवढंच देते. आठवड्याला टायरमधली हवा, गाडीच्या पुस्तकात दिली असेल तितकी. महिन्याला साखळी: गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद, कारण चालू इंजिनावर साखळी पुसताना बोटं गेलेली माणसं बाबांनी बघितली होती. ब्रशनं रॉकेल, फडक्यानं कोरडी, मग गिअर ऑईल. मधोमध बोटानं वर-खाली करून दोन-तीन सेंटिमीटर ढिली असावी, आणि आवळताना चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या. ब्रेकचा ढिलेपणा, एअर फिल्टर, आणि वेळेवर इंजिन ऑईल. इंजेक्शन आलं, संगणक आला, तरी हे सगळं हातालाच करावं लागतं. शिकायला महागडं काही लागत नाही. लक्ष लागतं आणि कान लागतो. ते घरात असेल तर मुलांपर्यंत पोचवायला हवं, नाहीतर शंभर-दीडशे वर्षांत या वस्तीनं कमावलेलं कसब आपल्याच पिढीत थांबेल, याची मला खरोखर काळजी वाटते.

बाबांचा प्लगपाना आजच्या बऱ्याच बाइकना बसत नाही, त्यांचे प्लग बारीक झाले. तरी तो गोणपाटावर त्याच्या जागी असतो.

गेल्या रविवारी माझी भाची पहिल्यांदा स्वतः ऑईल बदलत होती. काळं ऑईल तसराळ्यात उतरलं, तिनं खालचा बोल्ट पुसला, नवा वॉशर घातला आणि सतराचा पाना उचलला. मी तो तिच्या हातातून घेतला आणि मांडीखाली ठेवला. ‘आधी डावीकडे, मावशी?’ तिनं विचारलं. मी मान हलवली. तिनं डोळे मिटून बोल्ट फिरवला, थांबली, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की बोटांना टक् लागली.

मग मी पाना दिला.